काचेवरची वाफ

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे खरंच घडलंय. जिच्या बाबतीत घडलं ती बाई माझ्या भिंतीपलीकडे राहते.

तिचं नाव गेस्के. आमचं गाव हॉलंडच्या उत्तरेला, आसेनजवळ.

मार्चमधली शनिवारची सकाळ होती. शेतांवर पांढरं दंव पडलं होतं. गेस्के आणि तिचा नवरा रूलोफ आणखी एक जुनी कॅरव्हॅन, म्हणजे सुट्टीत गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेले होते.

आणखी एक... कितवी, ते दोघांनी मोजणं सोडलं होतं.

कारण त्यांची मुलगी, नींके. त्यांची आधीची कॅरव्हॅन बाहेरून चकाचक, आतून कुजकी निघाली होती. भिंतीत ओल, ओलीत बुरशी. त्या उन्हाळ्यात पोरीची छाती जी धरली, ती धरलीच. डॉक्टरांनी बजावलं, ओलीपासून लांब ठेवा. पण अख्खं गाव कॅरव्हॅन घेऊन निघणार आणि नींके खिडकीतून बघत बसणार, हे गेस्केला सोसवत नव्हतं.

कॅरव्हॅन गोठ्यामागच्या शेडमध्ये उभी होती. मालक सत्तरीतले, नाव हार्म.

रूलोफने नेहमीची झडती सुरू केली. खाली वाकून सांगाडा बघितला. भिंती टकटक वाजवल्या, कोपरे दाबले. मग ओल मोजायचं यंत्र लावलं.

"गेस्के, काटा हलतच नाहीये!"

"बिघडलं असेल यंत्र. आपलं नशीब एवढं चांगलं नाही."

त्याने यंत्र स्वतःच्या ओल्या बुटाला लावलं. काटा टणकन उडाला.

यंत्र ठीक होतं.

फक्त एक गोष्ट... मागच्या बंकजवळच्या, म्हणजे झोपायच्या फळीजवळच्या, खिडकीवर आतून वाफ धरली होती.

रिकाम्या, कोरड्या कॅरव्हॅनमध्ये.

हार्मनी घाईघाईने बाहीने काच पुसली. "कालच पुसली होती," ते पुटपुटले. मग विचारलं, "इथे कोण झोपणार?"

"आमची मुलगी. छातीचा त्रास आहे तिला."

"इथे नाही खोकणार ती," हार्म म्हणाले. "मी इथेच झोपायचो. मीही नाही खोकलो."

थंडी इतकी होती की बोलताना गेस्केच्या तोंडातून वाफ येत होती. रूलोफच्याही.

हार्मच्या तोंडातून... नाही.

गेस्केला ते दिसलं. पण त्यावर विचार करायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

"घेऊन टाक," ती नवऱ्याला म्हणाली. "आता आणखी एका भिंतीवरची टकटक मला ऐकवणार नाही."

कॅरव्हॅन जोडून गाडी फाटकाबाहेर पडली. गेस्केने सहज आरशात बघितलं. हार्म छातीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते.

ते रडत होते.

उन्हाळा मात्र सुखाचा गेला. नींके एकदाही खोकली नाही. तिचा पंप बॅगेतच राहिला.

पण सकाळी... कॅरव्हॅनमध्ये माणसं झोपली की काचा ओघळतात. तळावर सगळेच फडकी पिळत बसायचे. यांच्याही काचा ओल्या असायच्या.

नींकेच्या बंकची तेवढी कोरडी ठणठणीत.

"याला म्हणतात बांधणी," रूलोफ अभिमानाने सांगायचा.

नोव्हेंबरात नींकेचा वाढदिवस झाला. इथल्या रीतीप्रमाणे खुर्च्या गोल मांडल्या, सगळ्यांनी सगळ्यांचं अभिनंदन केलं, मेणबत्त्या लावलेला केक आला. नींकेने गाल फुगवून फुंकर मारली.

एकही ज्योत हलली नाही.

पुन्हा मारली. पुन्हा...

"काय गं, सकाळी पाव खाल्लास की नाही?" तिच्या आजोबांनी चिडवलं. सगळे हसले. गेस्केला हसू आलं नाही.

जानेवारीत कडाक्याची थंडी पडली. ती नींकेला आणायला शाळेच्या फाटकाशी उभी होती. समोरून मुली बडबडत येत होत्या. प्रत्येकीच्या तोंडातून वाफ.

नींकेच्या तोंडातून काहीच नाही.

तिला घरी सोडून गेस्के थेट गावाबाहेरच्या भाड्याच्या शेडवर गेली. हिवाळ्यासाठी कॅरव्हॅन तिथे कुलूप लावून ठेवली होती. सुट्ट्या संपल्यापासून कुणी आत पाऊल टाकलं नव्हतं.

मागच्या बंकच्या काचेवर... वाफ होती.

विरायची. पुन्हा धरायची. सावकाश, झोपलेल्या पोरीच्या श्वासासारखी.

गेस्केने तिथूनच हार्मना फोन लावला. पलीकडून आधी खोकल्याची उबळ ऐकू आली.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ती ओरडली.

"तुम्ही दोघांनी फक्त ओल तपासलीत, पोरी." ते धापा टाकत होते. "विकून टाक. पण आधी विचार, त्या बंकवर कोण झोपणार. कुणीतरी झोपायला हवं."

"आणि नाही विकली तर?"

हार्मनी फोन ठेवून दिला.

तिने रूलोफला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाळून टाकू. "आणि आत जे आहे त्याचं काय?" तिने विचारलं. त्याच रात्री त्याने विक्रीची जाहिरात टाकली.

पुढच्या शनिवारी एक जोडपं आलं, चिमुकल्या मुलाला घेऊन. नवरा भिंती वाजवत फिरला. बायको दाराशी टेकून उभी होती, दमलेली. तिचा चेहरा बघून गेस्केला आरशात बघितल्यासारखं झालं. तिला सांगून टाकावंसं वाटलं. शब्द ओठांपर्यंत आले होते.

"अजिबात ओल नाही!" नवरा आतून ओरडला. "इथे आपला बाळ्या झोपेल. पण ही काच..."

गेस्के आत गेली. बाहीने काच पुसली.

"कालच पुसली होती," ती म्हणाली.

हे सगळं तिने मला कुंपणाशी उभं राहून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

परवापासून भिंतीपलीकडून नींकेचा खोकला ऐकू येतो. म्हणजे तिचा श्वास तिच्याकडे परत आला. मला बरं वाटायला हवं...

ते जोडपं कुठल्या गावचं, मी विचारलं नाही. पण थंडीत कुणाचंही मूल बोलायला लागलं की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघतो.