न धुतलेला स्वेटर

सुट्ट्या लागल्या की गावाला जाणारे लोक आपली कुत्री-मांजरं चिमीकडे ठेवून जात. तिचा नियम एकच. मालकानं अंगावरचा, न धुतलेला कपडा मागे ठेवायचा. घरचा वास जवळ असला की मुकी जनावरं धीर धरतात. आणि हा कोपऱ्यावरच्या दुकानातला घड्याळवाला पठ्ठ्या आपल्या कुत्र्यासोबत कडक इस्त्रीचा शर्ट घेऊन आला!

“अहो, तुमच्या लाडोबानं काय साबण हुंगत दिवस काढायचे?”

तो कानापर्यंत लाल झाला. तिथल्या तिथे अंगातला स्वेटर काढून त्यानं पुढे केला. “हा... चालेल?”

स्वेटर अजून उबदार होता. चिमी उगाचच गोंधळली.

“कुठे निघालात?”

“बहिणीकडे. आठ दिवस.”

पण लाडोबानं अन्नाला तोंड लावलं नाही. तीन दिवस नुसता दाराशी बसून! “आज नाही खाल्लं तर सलाइन लावू,” जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं. शेवटी तिनं तो स्वेटर स्वतःच घातला आणि लाडोबाला मांडीवर घेतलं. तरी त्याचे डोळे दारावरच. तिनं वैतागून दार उघडलं, तर हा सुसाट सुटला तो थेट समोरच्या झाडाखालच्या बाकावर.

बाकावर, भुरभुर पावसात छत्री धरून—घड्याळवाला!

“तुम्ही... बहिणीकडे...?”

“अर्ध्या वाटेतून परतलो. याला सोडवेना. रोज इथे बसतो.”

“म्हणूनच हा जेवत नाहीये! तुम्ही जवळ आहात हे कळतंय त्याला. कमाल आहे तुमची! जिवावर बेतलं असतं त्याच्या!”

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. “मला वाटलं, लांबूनच बघितलं तर...” आणि त्याची नजर स्वेटरवर अडकली.

चिमीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “हा त्याच्यासाठी घातलाय! मी काही...”

“पहिल्या दिवशी मीसुद्धा त्याच्यासाठीच बसलो होतो,” तो चाचरत म्हणाला. “नंतर मात्र... खोटं कशाला बोलू? खिडकीत तुम्ही दिसायचात.”

तिनं लाडोबाला उचलून घेतलं. “आधी आत चला,” ती कशीबशी म्हणाली. “त्याला भरवा.”

त्याच्या हातून लाडोबानं वाडगा चाटूनपुसून साफ केला. चिमीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“खाल्लं त्यानं. आता... मी निघू?”

“निघून तर बघा!” चिमी म्हणाली, आणि स्वतःच्याच तोंडचे शब्द ऐकून हबकली.