काही नाही, गॅस आहे

"सांगतो, पण मध्ये बोलायचं नाही," मामा म्हणाले आणि भाचीकडे बघितलं, कारण मध्ये बोलणारी तीच. जेवणं झालेली, गच्चीवर मिट्ट अंधार. "माझ्या ओळखीतल्या माणसाच्या बाबतीत घडलंय हे. सोनोग्राफी सेंटरमध्ये कामाला होता."

नोव्हेंबरातला गुरुवार. रात्रीचे आठ वाजून दहा मिनिटं. डॉक्टरीणबाईंचा त्याला फोन आला, "मशीन बंद केलं का, आठवत नाहीये. जरा बघून येता?" सेंटर दोन गल्ल्यांवर. त्याने चपला सरकवल्या, किल्ल्या घेतल्या आणि निघाला.

त्या वाटेवर हल्ली त्याला बहीणच आठवायची. तीन महिन्यांपूर्वी तिच्या रक्तात जंतू पसरले होते. दहा दिवस सलाईन, इंजेक्शनं. ताप उतरला, पण पाठ दुखायची थांबेना. म्हणून यानेच तिला सेंटरमध्ये आणून टेबलावर झोपवलं. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बघितलं आणि याला बाहेर बोलावलं.

"जंतू पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेत. भिंत फुगलीय, कधीही फुटेल. आजच मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिला मी सांगू?"

"नको, मी सांगतो."

सेंटरमध्ये तसंच चालायचं. वाईट बातमी आधी घरच्या मोठ्यांना. पेशंटचा नंबर शेवटी. त्यानेही सवयीने वडिलांना फोन लावला. वडील म्हणाले, "सोमवारी जावई येतायत, मग ठरवू. पोरीला बोलू नकोस, धसका घेईल."

"आणि याने ऐकलं?" भाची उसळली. "पोट तिचं, जीव तिचा, आणि ठरवणार बाकीचे?"

"मध्ये बोलू नकोस म्हटलं ना!"

तो आत गेला. टेबलावरून तिने विचारलं, "दादा, काय निघालं?"

"काही नाही. गॅस आहे."

"गॅससाठी एवढं तोंड पाडतोस? मला वाटलं, आटोपला माझा कारभार!" ती हसली, उठून केस बांधले. डॉक्टरांना तिने दहा प्रश्न विचारले असते. पण दादाला कोण दुसऱ्यांदा विचारतं?

शनिवारी ती शिवणाच्या दुकानात कापडाचा तागा उचलायला वाकली आणि पाठ धरून खाली बसली. हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचली नाही.

मामांनी घसा खाकरला.

तर, त्याने सेंटरचं कुलूप काढलं. आत निळसर उजेड. मशीन चालूच होतं. तो स्विचकडे गेला. हात पुढे केला...

मागे टेबल करकरलं.

आणि उजेड गेला.

धप्... धप्... धप्... मशीनमधून आवाज यायला लागला. नसेतून रक्त वाहतं तेव्हा मशीन ऐकवतं, तो.

"दादा..."

तो वळला नाही. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"आत काय दिसतंय रे?"

तो अंधारात स्विच चाचपत राहिला. 

"आता तरी खरं सांग."

धप्... धप्...

"काही नाही," तो म्हणाला. "गॅस..."

आवाज थांबला.



"मेल्यावर परत येऊन विचारलं तिने," भाची हळू आवाजात म्हणाली, "तरीसुद्धा?"

  मामांनी खाली बघूनच उरलेलं सांगितलं.

उजेड परत आला तेव्हा टेबल रिकामं होतं. तो धावतच घरी आला. दार लावलं. पोटाला काहीतरी चिकट लागत होतं. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बनियन कोरडं. ते वर केलं...

बेंबीच्या वर जेली होती. तपासण्याआधी पेशंटच्या पोटाला लावतात ती. तळहाताएवढी.

थंडगार. अजून ओली.