कपाळावरचा हात

माझा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. अंग रगडणं नाही, हाडं मोडणं नाही. मी माणसाच्या अंगावर हलकेच हात ठेवते आणि त्याचं शरीर, मन सैल होईपर्यंत तशीच बसून राहते. "नुसता हात ठेवायला क्लास लावावा लागतो?" असं विचारणाऱ्यांत माझा धाकटा भाऊ ढब्बू सगळ्यांच्या पुढे. आणि त्या दुपारी तोच माझ्या खोलीच्या दारात चपला काढत उभा होता.

ढब्बू बस चालवतो. बरेच दिवस त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आदल्या दिवशी गाडी चालवताना मात्र लागला. क्षणभरच, पण समोरच्या ट्रकच्या हॉर्नने तो जागा झाला. मागे गाडीभर माणसं. हे सांगताना तो हसत होता. ऐकून मला धडकीच भरली.

"गुदगुल्या झाल्या आणि लाथ बसली, तर बोलायचं नाही हं," म्हणत तो आडवा झाला. मी पडदे ओढले. खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, वर पंखा कुरकुरत होता. मी त्याच्या पायांशी बसले आणि घोट्यांवर हात ठेवले.

आमच्या कामात एक नियम पक्का आहे. डोळे मिटलेल्या माणसावरून दोन्ही हात एकदम उचलायचे नाहीत; एक तरी टेकलेला हवा, नाहीतर तो दचकतो. शेवटी आपले तळवे जरासे दाबायचे, "झालं" म्हणायचं आणि मगच हात काढायचे. एवढं साधं. पण नेमकी मला सणसणीत शिंक आली आणि दोन्ही हात नाकाशी गेले.

ढब्बू दचकला नाही.

"कपाळावरचा हात नको काढूस गं..." तो पुटपुटला.

"कुठला?"

"हाच... आधी गार होता. आता कोमट झालाय."

मी त्याच्या पायांशी होते. कपाळावर काहीच नव्हतं, फक्त समोरचे केस चप्प बसले होते, वरून कोणीतरी दाबून धरल्यासारखे. खालचं मशीन केव्हा थांबलं कोण जाणे. वर्षानुवर्षं बंद असलेलं कपाट उघडावं तसा वास खोलीत पसरला. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तेवढ्यात ढब्बू घोरायला लागला. इतक्या दिवसांनी ते घोरणं ऐकून माझा जीव भांड्यात पडला. आता भ्यायचं की आभार मानायचे, हेच मला कळेना. मी पुन्हा घोट्यांवर हात टेकवून तळवे दाबले, "झालं" म्हटलं आणि हात काढून घेतले. केस तसेच दबलेले होते.

तो संध्याकाळी उठला, दोघांचं जेवण एकटा जेवला आणि शीळ घालत घरी गेला. मग रोज झोपू लागला. पाठ टेकली की तो हात येतो, म्हणायचा. भावजय तर खूश होती. "भूत असेना का वन्सं, माझा नवरा झोपतोय ना!" आम्ही पोट धरधरून हसलो. रात्री दिवा मालवताना मात्र मनात आलं, मी माझे हात रीतसर काढले. त्या दुसऱ्या हाताला "झालं" कोणी म्हटलं?

आज सकाळी ढब्बूचा डेपोतून फोन आला. आवाज एकदम ताजातवाना.

"ताई, गंमत ऐक. तो हात आता दिवसाही असतो. आणि आज कपाळावरून भुवयांवर उतरलाय. मस्त वाटतंय."

कपाळ, भुवया आणि मग पापण्या, चेहऱ्यावर आमच्या कामाचा हाच क्रम. पापण्यांवर बोटं आली की कसलाही माणूस झोपतो.

"ढब्बू, खाली उतर. आज गाडी काढू नकोस."

"काहीतरीच काय! माणसं बसलीत, कंडक्टरने घंटी दिली." तो हसला. "ताई... तुझ्यापेक्षाही हलका हात आहे गं."

इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.