एकशे तेरा वर्षांची नाडी

डॉक्टर दर गुरुवारी, दुपारी दवाखाना आटोपला की, आजींना तपासायला जात. आजींचे वय एकशे तेरा. गेली नऊ वर्षे त्या डॉक्टरांच्या औषधावर होत्या, आणि कोणी विचारो न विचारो, डॉक्टर ते चारचौघांत सांगत. परमेश्वराचे देणे ते आपल्या नावावर खपवीत.

त्या गुरुवारी ते तीन जिने चढून धापा टाकीत पोहोचले. पडदे ओढलेले होते. खोलीत कापराचा आणि जुन्या लोकरीचा वास होता. सत्तरीच्या नातसूनबाईंनी खुर्ची पुढे केली.

डॉक्टरांनी आजींचे मनगट धरले. नाडी धावत होती. ते घाबरले, तशी ती अधिकच धावली. त्यांनी दीर्घ श्वास घेऊन मन आवरले, आणि नाडीही निवली. मग दर नववा ठोका चुकू लागला.

नेमका हाच दोष महिन्यापूर्वी त्यांच्या स्वतःच्या छातीत निघाला होता. त्यांनी तो पत्नीलाही सांगितला नव्हता.

"जिना सावकाश चढत जा रे, डॉक्टर," आजी डोळे मिटूनच म्हणाल्या. "मला दम लागतो."

"आजी... तुम्हांला?"

"आणि रात्रीची ती सिगारेट सोड. सकाळभर खोकते मी."

नातसूनबाई चादर सारखी करीत म्हणाल्या, "आधीच्या डॉक्टरांना तर ह्या तळलेलं खाऊ देत नव्हत्या. त्यांनी ह्यांना तुमच्याकडे सोपवलं आणि त्याच आठवड्यात ते स्वतः अंथरुणातून उठले. परवा टेनिस खेळत होते."

आधीचे डॉक्टर म्हणजे त्यांचे गुरू. डॉक्टरांना आठवले. 'हा रुग्ण फक्त तुलाच देतो,' असे म्हणताना गुरूंच्या डोळ्यांत पाणी होते. तो त्यांनी सन्मान मानला होता.

"माझे जावई हल्ली दवाखान्यात बसतात," ते हलकेच म्हणाले. "हुशार आहेत. पुढच्या गुरुवारी..."

"पाठव की. झोप नीट लागते का त्यांना?"

डॉक्टर उठले आणि प्रत्येक वळणावर थांबत जिने उतरले.

दवाखान्यात जावई जवळ येऊन म्हणाले, "बाबा, तुम्हांला आता ते जिने झेपत नाहीत. आजींकडे यापुढे मी जात जाऊ का?"

एक होकार पुरेसा होता. डॉक्टरांनी मनात देवाचे नाव घेतले.

"नको. तो रुग्ण माझा आहे."

तोच फोन वाजला. पलीकडे नातसूनबाई होत्या.

"डॉक्टर, आजी विचारतायत, आत्ता काय खाली ठेवलंत? छातीवरचं ओझं उतरलं म्हणतात. आणि..." त्यांचा आवाज दबला. "जावयांना जरा लांब उभं राहायला सांगा. त्यांचेही ठोके ऐकू येतायत."