मन्मथ बघून राहिलाय!

"मला भेळ नको, आइसक्रीम नको, काही नको! मला त्या सुदर्शनकाकाचं नाक कापायचंय!"

अंजू हे एवढ्या जोरात बोलली की वैजनाथच्या हातातली भेळ सांडता सांडता राहिली.

"हळू बोल की! सगळा औसा रोड ऐकून राहिलाय," तो म्हणाला. वैजनाथ म्हणजे अंजूचा लातूरचा मामेभाऊ. "आपण त्याच्या नव्या गेम झोनमध्ये नुसतं डोकावून आलोत. नाक कुठून आलं मधीच?"

"त्या लाल मशीनमधली घंटा ऐकली न्हाईस तू?"

"ठण्ण!" अंजूचा धाकटा भाऊ बसू डोळे मोठे करत म्हणाला. "ताई, ती तर आपल्या अज्जांची घंटा!"

हो, अज्जांचीच! दुसऱ्या कुणाची असणार? उदगीरचे मन्मथअज्जा म्हणजे अंजूचे आजोबा, तिच्या बाबांचे बाबा. कितीतरी वर्षं ते जत्रेत पिनबॉलचं मशीन लावायचे. तिरक्या काचेखाली पोलादी गोळी धावायची आणि ती खाली पडू नये म्हणून पोरं दोन्ही बाजूंची बटणं बडवत सुटायची. अज्जा सांगायचे, "अगं, पहिल्या मशिनींत खरीखुरी घंटा असायची. मग टिंग टिंग वाजणाऱ्या पट्ट्या आल्या. मग विजेवरचं टुंई टुंई आलं. आणि मग एक दिवस मशीन चक्क माणसासारखं बोलायला लागलं!"

अज्जांचं मशीन मुंबईहून आलं तेव्हा इंग्रजीत बोलायचं. जत्रेतल्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळेना. मग अज्जांनी काय करावं? एका रेडिओवाल्या दोस्ताला धरलं, आतली बोलकी चिप काढली आणि स्वतःचा आवाज भरून टाकला! जुन्या काळाची आठवण म्हणून देवणी जातीच्या बैलाच्या गळ्यातली घंटाही आत बसवली. अवघड बोगद्यात गोळी गेली की मशीन ओरडायचं, "शाब्बास रे पठ्ठ्या!" गोळी पडली की, "गेला बाबा, गेला! घरी जा, जेव जा!"

आणि कुणी लबाडीने मशीन हलवलं तर? आत एक लोलक टांगलेला होता. धक्का बसला की तो कडीला टेकायचा आणि अज्जा गरजायचे, "ए चोरा! हलवून खेळून राहिला व्हय? मन्मथ बघून राहिलाय, मन्मथ!" जितके धक्के, तितक्यांदा बोलणी!

गेल्या वर्षी अज्जांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. आता त्यांचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला होता, त्या मशीनमध्ये. रोज संध्याकाळी अज्जा एक गोळी सोडायचे आणि स्वतःचंच बोलणं ऐकून गालात हसायचे. अशात जत्रेतला जुना ओळखीचा सुदर्शन आला. "अज्जा, दुरुस्त करून आणून देतो," म्हणत टेम्पोत घालून मशीन घेऊन गेला. महिन्याभराने फोनवर म्हणतो कसा, "जळालं ओ ते. भंगारात टाकलं." अज्जा ताटावरून उठले. त्या दिवसापासून ते हातवारेसुद्धा करेनासे झाले. तेव्हापासून अंजूच्या पोटात नुसती आग पेटलेली होती.

घरी जाऊन तिने वैजनाथच्या बाबांना, अमरेशमामाला, सगळं सांगितलं. मामा हसला. "अगं, मशिनी सारख्याच असतात! सुदर्शन भला माणूस हाय. उद्या उद्‌घाटनाला मलासुद्धा बोलावलंय."

"ठीक आहे. मग अज्जांनाही उदगीरहून बोलवा," अंजू म्हणाली. "सुट्टीत लेकराला आठवण येऊन राहिली म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेम झोनमध्ये तोरणं बांधायची घाई चालली होती. वैजनाथने सुदर्शनकाकाला दारातच गाठलं.

"काका, हे कोणतं ओ? ते कसं खेळायचं? हे फुटलं तर?"

"ए, हात लावू नको!" सुदर्शन त्याच्या मागे धावला. तोवर अंजू लाल मशीनपुढे गुडघ्यांवर बसली होती. मशीनच्या दोन किल्ल्यांपैकी एक सुदर्शनने नेली होती; अज्जांच्या करदोड्याला बांधलेली दुसरी आता तिच्या गळ्यात असायची. तिने ती नाण्याच्या दाराला लावली. खट्!

"उघडलं!" बसू कुजबुजला. "घे, आणि म्हणे मशिनी सारख्या असतात!"

दारामागे आवाजाचं बटण होतं. ते पार शून्यावर पिळून ठेवलेलं होतं. अंजूच्या डोळ्यांत पाणी आलं. अज्जांची चिप काढायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते त्या आळशाने! वरून दुसरा भोंगा लावून टुंई टुंई वाजवत बसला होता.

"याने माझ्या अज्जांचा गळा दाबलाय," ती दात खात म्हणाली. तिने बटण टोकापर्यंत फिरवलं आणि दार लावलं. "आता बघतेच याच्याकडे!"

"पण मशीन हलवणार कोण? आपण हलवलं तर आपल्यालाच हाकलतील," बसू म्हणाला.

"आपण कशाला? तोच हलवेल. नारळ आणलाय न्हवं त्याने?"

अकराच्या सुमारास माणसं जमली. प्रमुख पाहुण्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका तारामतीबाई. अज्जा मामाच्या शेजारी खुर्चीत मान खाली घालून बसले होते. त्यांना बघून सुदर्शनचा चेहरा जरासा उतरला, पण मुके अज्जा काय बोलणार! तो छाती फुगवून म्हणाला, "हे माझ्या वडिलांचं मशीन. घराण्याची आठवण हाय ही!"

त्याने नारळ उचलला आणि उंबऱ्याकडे वळला. अंजू पटकन पुढे झाली.

"काका, उंबऱ्यावर फोडला तर तो दुकानाचा नारळ झाला! मशीन वडिलांचं हाय, मग त्याचा मान पहिला न्हाई का? त्याच्याच कोपऱ्यावर फोडा की!"

"लेकरू बरोबर बोलून राहिलं," मामा म्हणाला.

सुदर्शनला नाही म्हणता येईना. त्याने हात उचलला आणि मशीनच्या लोखंडी कोपऱ्यावर नारळ दाणकन आपटला.

"ए चोरा!"

अख्खी खोली दचकली. नारळाचं पाणी सुदर्शनच्या पायावर सांडलं.

"हलवून खेळून राहिला व्हय? मन्मथ बघून राहिलाय, मन्मथ!"

सुदर्शन बंद करायला धावला, मशीनवरच आदळला. "ए चोरा!" त्याने ते मागे ढकललं. "ए चोरा!" वायर ओढायला वाकला आणि डोकं आपटलं. "ए चोरा!" पोरं पोट धरून हसत सुटली! अंजू मात्र हसली नाही. हाताची घडी घालून ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. बघ म्हणावं, कसं वाटतं ते!

"अहो, हा तर उदगीरच्या मन्मथअज्जांचा आवाज!" तारामतीबाई उठून उभ्या राहिल्या. "परकरात होते तेव्हा याच मशीनची बोलणी खाल्लीत मी! सुदर्शनराव, तुमच्या वडिलांचं नाव मन्मथ होतं का?"

अंजूने सगळ्यांसमोर किल्ली लावून दार उघडून दाखवलं. मामाचे कान लाल झाले.

"अज्जा, चुकलो," सुदर्शन पुटपुटला. "आज संध्याकाळी घरपोच करतो."

"संध्याकाळी न्हाई, आत्ता!" अंजू कडाडली. "आणि वरून फासलेल्या ह्या लाल रंगाचा एक ठिपका राहता कामा नये. स्वतःच्या हातानं खरवडायचं!"

"अंजू, मीच चुकलो गं," मामा म्हणाला. "लेकराचं ऐकायला पाहिजे होतं."

"हुशार आहेत हो तुमची नातवंडं!" तारामतीबाई अज्जांना म्हणाल्या. "मोठ्यांना जमलं नसतं ते यांनी करून दाखवलं."

अज्जा हळूच उठून मशीनपाशी आले, बटणांवर हात ठेवले आणि गोळी सोडली. ठण्ण! गोळी वर गेली, खाली आली, अज्जांनी ती नेमकी उडवली आणि सरळ त्या अवघड बोगद्यात घातली. मग त्यांनी मान वळवून अंजूकडे बोट केलं.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" मशीन ओरडलं.

"अज्जा, ताईला रे न्हाई, गं म्हणतात!" बसू म्हणाला.

अज्जा आवाज न करता खदाखदा हसले. आणि सकाळपासून दात खाऊन उभी असलेली अंजू त्यांच्या कुशीत शिरून भोकाड पसरून रडली.