खोली सतरा, हजर

संख्याशास्त्राच्या बाईंना शिकवायला लागून चोवीस वर्षं झाली होती, पण भिंतीशी बोलायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. ती साथीच्या रोगाने आणली. एका शुक्रवारी विद्यापीठाला कुलूप लागलं आणि सोमवारी बाई इस्त्रीच्या टेबलापाशी बसून, पाच जाड पुस्तकांवर चढवलेल्या लॅपटॉपला शिकवू लागल्या. समोर साठ काळे चौकोन. विनोद केला तरी चिडीचूप, रागावलं तरी चिडीचूप.

बाईंची एक जुनी खोड होती. दर तासाला त्या फळ्यावर मुद्दाम एक चूक करायच्या आणि जो ती पकडेल त्याला हातातला खडू बक्षीस द्यायच्या. खडू तो केवढा, पण त्याच्यासाठी मुलं हातघाईवर यायची. आता तीन आठवडे बाई इमानेइतबारे चुका करत होत्या आणि एकही पकडली जात नव्हती.

"अगं, झोपत असतील दुपारची," नवरा म्हणाला. "मीसुद्धा तुझ्या तासाला झोपतोच की, शेजारच्या खोलीत."

एरवी बाई खळखळून हसल्या असत्या. पण त्या सकाळी त्यांनी राजीनामा लिहून ठेवला होता. आज कुणी चूक पकडली नाही, तर तो पाठवून मोकळं व्हायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

दुपारी दोनला तास सुरू झाला. बाईंनी घरच्या छोट्या फळ्यावर दहा आकड्यांचा नमुना मांडला, व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा विखुरलेपणा, काढायला घेतला आणि जिथे एक कमी करून नऊने भागायचं तिथे खुशाल दहाने भागलं. मग थांबल्या. स्वयंपाकघरातला नळ टपकत होता, तेवढाच आवाज. पूर्ण एक मिनिट त्यांनी वाट पाहिली. मग जड हाताने राजीनाम्याचं पान उघडलं.

"मॅडम... खाली दहा नाही. नऊ."

आवाज अगदी हळू होता आणि त्याच्यामागे पंखा फिरत होता. तीन फेऱ्या गप्प, चौथ्या फेरीला कर्र... तो पंखा बाईंनी झोपेतही ओळखला असता. विद्यापीठातल्या त्यांच्याच वर्गातला होता. उजळलेल्या चौकोनावर नाव होतं, 'खोली सतरा', त्याच वर्गाचा क्रमांक.

"शाबास!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "कोण रे तू?"

पण आला तो दुसराच आवाज, भलताच चिडलेला. "मॅडम, हे चीटिंग आहे! मला आधी दिसली होती. म्यूट काढेपर्यंत यानं सांगून टाकलं!" हा 'रेंज'. रेंज नाही या एकाच कारणावर त्याने तिन्ही आठवडे काढले होते, म्हणून हे नाव.

त्या दिवसापासून वर्गात जान आली. खोली सतराच्या आधी चूक पकडायचीच, म्हणून पोरं जिद्दीला पेटली. कॅमेरे उघडले. कुणाच्या मागे आजी दाणे निवडताना दिसू लागली, रेंज पाण्याच्या टाकीवर चढून तासाला बसू लागला. बाईंनी राजीनामा पुसून टाकला आणि दोन दिवस त्या घरभर गुणगुणत होत्या.

वर्गातला कॉम्प्युटर कुणीतरी चालू ठेवलाय आणि कुणी पोरगं तिकडे जाऊन बसतंय, अशी त्यांची समजूत होती. शेवटी त्यांनी विद्यापीठाच्या वॉचमनकाकांना फोन केला.

"बाई, इमारतीची वीज बंद आहे. महिना झाला," काका म्हणाले. "कुलपाची किल्ली माझ्या कमरेला."

"एकदा बघून याल? व्हिडिओ कॉल लावून?"

काका दुसऱ्याच दिवशी भर तासाला गेले. बाईंनी फोन लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर धरला, म्हणजे पोरांनाही दिसेल. कुलूप निघालं. आत कोंडलेली हवा, बाकांवर धुळीचा थर, जमिनीवर काकांचीच पावलं. पंखा थांबलेला.

"कुणी नाही, बाई."

तेवढ्यात लॅपटॉपवर खोली सतराचा कॅमेरा पहिल्यांदाच उघडला. तीच खोली, पण शेवटच्या बाकावरून दिसणारी. मधोमध काकांची पाठ. आणि त्यांच्या डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

साठ चौकोनांत कुणी पापणी हलवली नाही. बाई म्हणाल्या, "काका... मागे वळा."

काका वळले. लॅपटॉपवर त्यांचा चेहरा थेट सगळ्यांकडे पाहू लागला. "रिकामा बाक आहे, बाई. का हो...?"

मग तो हळू आवाज आला.

"मॅडम... काकांना जरा बाजूला व्हायला सांगा ना. फळा दिसत नाहीये."

रेंज फिस्सकन हसला आणि त्याच्यापाठोपाठ आख्खा वर्ग. बाईंच्या अंगावर काटा होता आणि हसून हसून डोळ्यांत पाणीही. "काका, सरका थोडे!" त्या कशाबशा म्हणाल्या. काका काही न कळून भिंतीला चिकटले.

विद्यापीठ उघडलं तेव्हा थंडी पडली होती. साठच्या साठ जण हजर. कुणी न सांगता शेवटचा बाक सगळ्यांनी मोकळा सोडला होता. बाईंनी त्यावर खडूंची नवीकोरी पेटी ठेवली. खोली सतराने पकडलेल्या सगळ्या चुकांचं बक्षीस. मग ठरल्याप्रमाणे एक चूक केली, साठ जण एकदम ओरडले, खडू रेंजने जिंकला आणि वर्गभर नाचवला.

तास संपता संपता त्याने विचारलं, "मॅडम, आज दोन चुका होत्या?"

"छे, एकच केली."

"मग ते वजाचं चिन्ह कुणी घातलं?"

बाई वळल्या. सहाव्या ओळीत त्यांच्याकडून खरंच वजाचं चिन्ह राहून गेलं होतं. आता ते तिथे होतं, बारीक, किंचित तिरकं. कुणीही फळ्यापाशी गेलं नव्हतं. शेवटच्या बाकावरच्या पेटीचं झाकण उघडं होतं.

"शाबास," बाई मनापासून म्हणाल्या. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "खांद्याला काय लावून आलीस?" निळ्या स्वेटरवर, शाबासकी द्यावी तसा, खडूच्या पाच बोटांचा ठसा होता. आणि तो हात साध्या माणसाच्या हाताहून बराच लांब होता.

बाईंनी तो स्वेटर अजून धुतलेला नाही.