मुक्या डब्याची पूजा

दूध संघाचे संगणक-जाळे सांभाळणाऱ्या प्रमिला तोडकरने त्या जाळ्याच्या मुख्य कपाटाला हळदकुंकवाची बोटे लावली आणि झेंडूची माळ उचलली, तेवढ्यात कपाट बोलले.

"ताई, माळ जरा वर बांधा. खालच्या फटीतून माझी हवा आत येते."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास."

"गेल्या वर्षीही तुम्ही खालीच बांधली होती."

खंडेनवमीची संध्याकाळ होती. दूध संघात वजनकाट्यापासून दूध तापवायच्या यंत्रापर्यंत सगळे धुऊनपुसून पूजेला बसले होते. चाळीस गावांतल्या संकलन केंद्रांवरून पूजेचे फोटो मोबाइलच्या गटावर येऊन पडत होते.

कपाटातून बोलणाऱ्या प्रणालीचे नाव विणकर. पूर्वी संगणकांच्या जाळ्यातली प्रत्येक वाट माणसाला हाताने आखावी लागे. विणकरला फक्त काय हवे ते सांगायचे, वाटा तो स्वतः विणे. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत उभे राहून प्रमिलानेच त्याची हमी घेतली होती. तो इतका चोख निघाला, की मार्चमध्ये ती निवृत्त झाल्यावर तिची जागा भरायचीच नाही, असा कागद व्यवस्थापक मगदूमसाहेबांनी तयार करून ठेवला होता. भल्याची दुनिया नाही म्हणतात, ते उगीच नाही.

सहा वाजून दहा मिनिटांनी विणकरचा सूर बदलला.

"ताई, जाळ्यात संदेशांचा पूर आलाय. बाहेरून हल्ला दिसतोय. मी केंद्रं तोडायला घेतली आहेत."

भिंतीवरच्या नकाशात एकेक गाव लाल होऊ लागले. मगदूमसाहेब धापा टाकत आत आले.

"बाई, केंद्र तुटलं की तिथली शीतटाकी बंद पडते! आत्ताच धारांचं दूध पडलंय टाक्यांत. दोन तासांत गार झालं नाही, तर अकरा हजार घरांचं दूध उद्या दसऱ्याला ओढ्यात ओतायचं का? तुमच्या शब्दावर घेतलं होतं हे सगळं!"

प्रमिला कपाटाकडे वळली. "विणकर, तोडणं थांबव."

"हल्ला नाही याचा पुरावा द्या, लगेच थांबतो. नाहीतर पाऊण तासात गाभाही बंद करावा लागेल."

नव्या माणसाला जाळे समजावताना प्रमिला गावाचा दाखला देई. सगळ्यांत खाली दारथर, तिथे प्रत्येक यंत्र जाळ्याला जोडलेले. त्यावर चौकथर, तिथे गल्ल्या मिळतात आणि कोणी कुठे जायचे ते ठरते. आणि वर गाभाथर, म्हणजे हमरस्ता. तो काही ठरवत नाही, नुसता धावतो. तिने तिन्ही थर नजरेखालून घातले. गाभा धावत होता, पण चौक तुंबले होते. म्हणजे दुखणे कुठल्यातरी दारात होते.

"पुरातला एक संदेश वाच बघू."

"आपल्याच मुख्य वजनकाट्याचा आहे. 'शीतटाकी एक, तू कुठे आहेस?'"

"दुसरा?"

"तोच."

"आणि तिसरा?"

"तोच, ताई. सगळे सहा वाजून नऊ मिनिटांचे."

"इतका आळशी शत्रू कुठे असतो का रे? ही दवंडी आहे!"

एखाद्या यंत्राला दुसऱ्याचा ठावठिकाणा नसला, की ते जाळ्यात अशी दवंडी पिटते. ती दारोदार एकदा जाते आणि विरते. पण कुठे तारेचे वेटोळे झाले, तर दवंडीवाला फिरून त्याच चौकात येतो आणि दर फेरीला एकाचे दोन होतात. मग पूर कुठून आला ते कळतच नाही, कारण तो सगळीकडूनच येत असतो.

"माझ्या नोंदीतल्या चारशे बारा यंत्रांत वेटोळं नाही," विणकर म्हणाला. "आत्ताच तपासलं."

"नोंदीतल्या," प्रमिला पुटपुटली आणि तिने मोबाइल उचलला.

"बाई, ही काय फोटो बघायची वेळ आहे?" मगदूमसाहेब कडाडले.

"हीच वेळ आहे, साहेब. माणसं पूजा करतात ती ज्याच्यावर काम चालतं त्याची. ते नोंदीत आहे की नाही, हे कोण बघतो?"

बोट भराभर सरकत गेले. दुधाच्या किटल्या, फॅट मोजायचे यंत्र, एक मोटारसायकल. तेविसावा फोटो शेरेवाडीचा होता. टेबलावर झेंडूच्या राशीत तारा जोडायचा आठ भोकांचा एक काळा डबा, त्यावर ठसठशीत कुंकू. त्यातून निघालेली पिवळी तार वळून त्याच डब्यात शिरली होती.

तिने मोबाइल विणकरच्या कॅमेऱ्यासमोर धरला. "हा घे पुरावा!" आणि दुसऱ्या फोनवरून केंद्राच्या सचिवांना गाठले. "हिंदूराव, तो कुंकू लावलेला डबा कसला?"

"त्यो व्हय? पावत्या छापायचं यंत्र जोडाया बाजारातनं मीच आणलाय. तारंचं एक टोक मोकळंच लोंबत हुतं. पूजेला बरं दिसंना, म्हणून रिकाम्या भोकात घातलं बघा."

"उपटा ते! आत्ताच्या आत्ता!"

क्षणभर काहीच झाले नाही. मग शेरेवाडी हिरवी झाली. विणकरने तोडलेल्या वाटा पुन्हा जोडल्या, तशी तिच्यामागोमाग उरलेली गावेही हिरवी झाली. शीतटाक्यांच्या तापमानाचे आकडे उतरू लागले, एकतीस, एकोणतीस, सव्वीस. मगदूमसाहेबांनी टाळीच वाजवली. प्रमिला एवढी खूश झाली, की तिने पेढ्यांचा अख्खा पुडा त्यांच्या हातात कोंबला.

फोनवर हिंदूरावांचा आवाज बारीक झाला होता. "बाई, माझी नोकरी जातीया का?"

"नोकरी कसली जातेय? तुम्ही फोटो टाकलात म्हणून दूध वाचलं. डबा मात्र नोंदवून घेऊ."

"ताई," विणकर म्हणाला, "गटावरच्या सगळ्या फोटोंतली यंत्रं मोजली. माझ्या नोंदीत नसलेली सतरा यंत्रं निघाली. सगळं दिसतंय असंच मला वाटत होतं. जे दिसत नाही, ते दिसत नाही हे मला कळणार कसं?"

"विचारायचं माणसांना. आज काय धुतलंत, कशाला कुंकू लावलंत."

मगदूमसाहेबांच्या हातातला पेढा हातातच राहिला होता.

"आणि मार्चनंतर, ताई? मार्चनंतर मी कोणाला विचारायचं?"